परतीचं पाणी

खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टिकचं एक हिरवं टमरेल पालथं घातलेलं होतं आणि त्याच्या कडेनं अजून पाणी ओघळत होतं. माझ्या हातात सलाईनची नवी बाटली होती, नळी जोडायची तेवढी बाकी होती, आणि नजर त्या टमरेलावर गेली ती तिथंच अडकली. ओलं टमरेल काही नवलाची गोष्ट नव्हे. आमच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेपाशी घरचं एक माणूस असतंच. रोग्याला पुसणं, कूस बदलणं, पंख्यानं वारा घालणं ही सगळी कामं त्याचीच. नर्स सुया टोचतात, डॉक्टर हुकूम सोडतात आणि घरची माणसं रोग्याला सांभाळतात, अशी नॉमपेन्हमधल्या सरकारी इस्पितळांची वाटणी कुणी न ठरवता ठरून गेली आहे. तेव्हा टमरेल ओलं असणारच. पण ते साबणानं घासलेलं होतं. एवढं लख्ख, की पूजेला न्यायचं असावं. दुपारच्या उकाड्यात, खाटेवरच्या पोरीचा श्वास वरवर चाललेला असताना, तिच्या आईनं टमरेल एवढं का घासलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा रुतला आणि बाटली हातातच राहिली.

"ताई, टमरेलाकडे असं काय बघताय? मागणी घातली का त्यानं तुम्हाला?" कोसल म्हणाला. कोसल आमचा नर्स. सहा खाटांना एकटा पुरा पडतो, म्हणून त्याच्या जिभेला सगळं माफ आहे. "रक्तपेढीचा निरोप आलाय. पिशवी तयार आहे, माणूस पाठवा म्हणतात."

"थांब जरा."

"सरांनी सकाळीच सांगितलंय."

"थांब म्हटलं ना."

मी खाली वाकले. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली असते तिथं चौकडीचा लाल क्रामा गुंडाळलेला होता. ज्या फडक्यानं आमच्या बायका डोकं बांधतात, पोर पाठीशी घेतात, भाजी आणतात, तोच. तो मी सोडला. पिशवी रिकामी होती. सकाळी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, वान्नाक सरांनी, हीच रिकामी पिशवी बघितली होती, कोसल प्रत्येक पाळीला हीच बघत होता, आणि मीही हीच बघून तक्त्यावर मान डोलावली होती. पण आता मी गुडघ्यावर बसून बघत होते. नळीच्या वाकात एक थेंब अडकला होता आणि तो फिक्कट होता, जवळजवळ पाण्यासारखा. ज्याच्या अंगात रक्त फिरायला पुरेसं पाणीच उरलं नाही त्याचं मूत्रपिंड थेंब थेंब चिवटपणे राखून ठेवतं. जे थोडंफार सोडतं ते कोऱ्या चहासारखं काळपट असतं. असा उधळ्या रंगाचा थेंब ते सोडत नाही. रात्रीपासून मी जे जे ठरवलं होतं ते सगळं एका रिकाम्या पिशवीच्या भरवशावर उभं होतं, आणि ती पिशवी रिकामी नव्हतीच.

डेंग्यूचा ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि आमचा श्वास अडकतो. कारण खरा खेळ तिथून पुढे. रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र होतात, अगदी जुन्या धोतराचा पोत विरावा तशा, आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. ते पोटात साचतं, छातीत साचतं. माणूस फुगतो आणि तरी आतून कोरडा पडतो. हृदयाला ढकलायला काही उरत नाही. मग आपण शिरेतून पाणी द्यायचं. कमी दिलं तर नाडी बुडते, जास्त दिलं तर तेही झिरपून फुफ्फुसापाशी जातं आणि माणूस कोरड्या गादीवर बुडून मरतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, ते इथं शब्दशः खरं आहे. एवढ्यावर भागत नाही. एक वेळ अशी येते की त्या भिंती आपल्याआपण मिटतात. का मिटतात, कुणाच्या सांगण्यावरून, मला अजून नीट माहीत नाही. पुस्तकात जे लिहिलंय ते मी वाचलंय, तरी माहीत नाही. मिटतात आणि बाहेर गेलेलं सगळं पाणी परत फिरतं. त्या घटकेपासून, कालपर्यंत जीव राखणारी तीच बाटली जीव घेऊ लागते. आणि ती घटका आल्याची घंटा कुठं वाजत नाही. रक्त पातळ झालेलं दिसतं, तेवढंच. पण आत कुठं रक्तस्राव होत असेल तरी रक्त असंच पातळ दिसतं. त्या दोन्हींतला फरक सांगायला उरते ती फक्त लघवी. भरपूर झाली तर पाणी परत आलं, थांबा. झालीच नाही तर रक्त जातंय, द्या. वान्नाक सर सकाळी म्हणाले होते, "रक्त पातळ, लघवी नाही. आत गळतंय. बाटली चालू ठेवा, रक्त मागवा." मी 'हो सर' म्हटलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

चारियाची आई, सारुन मावशी, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवते, आई गावाकडून ताप ऐकून धावत आलेली. बारीक, काटकुळी बाई, केस पुरुषासारखे कापलेले. मी क्रामा हातात घेऊन वळले तशी तिची नजर जमिनीला लागली.

"मावशी, ही पिशवी कुणी रिकामी केली?"

"कुठली पिशवी, डॉक्टरबाई?"

"ही. लघवीची."

"मी कशाला हात लावू? तुमच्या वस्तू तुमच्या."

"मग हा क्रामा कुणी बांधला?"

"तो… वारा लागू नये म्हणून."

कोसल मागून हसू दाबत म्हणाला, "पिशवीला सर्दी होईल म्हणून." मी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला आणि हळूच पुढच्या खाटेकडे निघून गेला.

मी चारियाच्या पायावरची चादर सारली. पावलं सुजलेली, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि रेंगाळायचा. पण पावलं गरम होती. काल मी हेच पाय हातात धरले होते तेव्हा ते बाजारातल्या बर्फावरच्या मासळीसारखे होते. आता तळव्यांत ऊब होती, अंगठ्याचं नख दाबून सोडलं की लगेच गुलाबी होत होतं. मनगट धरलं. नाडी भरलेली, सावकाश, बोटाला खालून ढुशी देणारी. ज्याच्या पोटात रक्त गळतंय त्याची नाडी अशी उद्धट नसते. पण श्वास वाईट होता. मानेच्या शिरा उठल्या होत्या आणि पाठीला कान लावला तर दोन्ही बाजूंना खाली, तांदूळ शिजताना अगदी शेवटी जी बारीक चुरचुर येते ना, ती ऐकू येत होती. पाणी फुफ्फुसाच्या उंबऱ्यावर येऊन उभं होतं. आणि माझ्या हातात आणखी एक बाटली होती. तक्ता सांगत होता द्या, हात सांगत होते देऊ नकोस. हातांवर विश्वास ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. आम्हाला आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवतात आणि ते बरोबरच आहे, कारण हात माणसाचे असतात, त्यांना आशा असते.

मी मावशीच्या चटईवर बसले. खाट आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत तिचा संसार होता, भाताचा डबा, उदबत्त्यांचा पुडा, भिख्खूंनी मंतरून दिलेल्या पाण्याची बाटली. डॉक्टर जमिनीवर बसलेली बघून ती घाबरली आणि माझ्याहून खाली व्हायला पार अंग चोरून टेकली.

"मावशी, मी रागवायला नाही बसले. मला ती लघवी हवी होती."

"लघवी?" तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुम्हाला?"

"आज चारियाच्या अंगातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. झाली असेल तर ती जगेल, फक्त मला हे सगळं बंद करावं लागेल. झाली नसेल तर आत्ताच्या आत्ता रक्त चढवायला हवं. मी उलटं केलं तर ती हातची जाईल. आणि मला ठाऊक नाही. फक्त तुम्हाला ठाऊक आहे."

तिनं माझ्याकडून क्रामा घेतला आणि त्याचा पदर बोटांना गुंडाळला. मग बोलली ते इतक्या हळू की मला वाकावं लागलं.

"पोरी, लग्नाची मुलगी आहे ती. सगळे बाप्ये येतात जातात. मोठे डॉक्टर येतात, त्यांच्यामागं ती शिकणारी पोरं. आणि हिची लघवी अशी टांगलेली, दुकानात सरबताच्या पिशव्या टांगतात तशी. जरा जमली की मी नळ सोडून काढत होते. संडासात ओतून, टमरेल घासून ठेवायचं. आईनं एवढंही करू नये?"

"किती असायची?"

तिनं उठून टमरेल आणलं आणि आतून बोट लावून दाखवलं. बोट निम्म्याच्या वर होतं.

"एकदा?"

"छे. पहाटेपासून सारखीच. मला वाटलं, तुमचं पाणी पोरीच्या अंगाला लागत नाही, नुसतं वाहून जातंय. म्हणून तर म्हटलं अजून लावा."

मला हसावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. वाहून जातंय. किती बरोबर बोलत होती ती बाई आणि त्यातून किती उलटा अर्थ काढत होती, आणि मी तरी काय वेगळं करत होते? मी उठले. सलाईनच्या नळीवरची चकती बोटानं फिरवली. थेंब मंदावले, एक थेंब टोकाला लोंबत राहिला, पडला नाही. हातातली नवी बाटली मी ट्रेमध्ये आडवी ठेवली. एवढंच केलं. पण त्या एवढ्याशा चकतीला जे वजन होतं ते मला मनगटापासून खांद्यापर्यंत जाणवलं. काही करणं सोपं असतं. आमच्याकडे माणूस साधा थकला तरी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो, मोटारसायकलवर मागं बसून एका हातात बाटली उंच धरून घरी जाणारे लोक या शहरात रोज दिसतात. बाटली लावली म्हणजे उपचार झाला आणि काढली म्हणजे डॉक्टरनं हात टेकले.

सारुन मावशीनंही तेच बघितलं. "बंद केलंत?" तिचा आवाज एकदम चढला. "तुम्ही म्हणालात जगेल. सुजलीय बघा ती. तोंड बघा तिचं. मी बघितलीय ही सूज. तुम्ही तेव्हा जन्मला नसाल. काळ्या कपड्यांतल्या क्रांतीवाल्यांचं राज्य होतं, आम्हाला सगळ्यांना शेतावर हाकललेलं, खायला पाण्यात चार शितं. माणसं आधी वाळायची. मग एक दिवस सुजायची. पाय, मग पोट, मग तोंड. तोंड सुजलं की गोड दिसायचं माणूस, गुबगुबीत. माझा धाकटा भाऊ असाच गोड दिसायला लागला. आई म्हणाली, बघ, जरा अंग धरलंय बाळानं. दोन दिवसांत गेला. सुजलेलं माणूस वाचलेलं मी बघितलेलं नाही, पोरी. आणि औषध म्हणून तेव्हा नारळाचं पाणी टोचायचे, तेसुद्धा त्याला मिळालं नाही. आता खरं पाणी आहे तर तुम्ही बंद करता."

मी तिचा हात धरला. "ती भुकेची सूज होती, मावशी. ही वेगळी," असं म्हटलं. खोटं सांगितलं नाही, पण पुरतं खरंही नाही. सूज एकच असते. पाणी रस्ता चुकतं, एवढंच. त्या पोराच्या रक्तात पाण्याला धरून ठेवायला काही उरलं नव्हतं, कारण पोटात काही गेलं नव्हतं. म्हणून गेलेलं पाणी कधी परत फिरलं नाही. चारियाचं फिरत होतं. त्या बाईच्या उभ्या आयुष्यात तिनं पाणी जाताना बघितलं होतं, येताना कधी बघितलं नव्हतं, आणि मी तिला सांगत होते की थांब, येईल. कुठल्या तोंडानं? पण सांगितलं.

मग वान्नाक सरांना फोन केला. ते सगळं ऐकून घेत नाहीत, अर्ध्यातच उत्तर देतात. "थियारी, एका टमरेलावरून निदान बदलताय तुम्ही?"

"पाय गरम आहेत, सर. नाडी भरलेली आहे."

"आणि रक्तस्राव असेल तर?"

"तर मी चुकले."

"संध्याकाळच्या फेरीला येतो. तोवर ती पोरगी तुमच्या जबाबदारीवर."

कोसलनं न सांगता संपत आलेली बाटली सलाईनच्या खांबावरून उतरवली, मापाचं भांडं आणून ठेवलं आणि मावशीला बजावलं, "आता नळ मीसुद्धा सोडणार नाही. तुम्हीच सोडायचा, लघवी यात ओतायची आणि ताईंना दाखवायची. सांडलं तर माझ्याशी गाठ आहे." पाणी उतरवायचं इंजेक्शन भरून मी ट्रेमध्ये तयार ठेवलं. उंबऱ्यावरचं पाणी आत शिरलंच तर हाताशी असावं. आणि आम्ही थांबलो. खांबावर काही लटकत नसलेली खाट फार उघडी दिसते. शेजारच्या खाटांचे नातेवाईक माना उंच करून बघत होते, एक म्हातारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हिचं संपलं वाटतं." मावशीनं ते ऐकलं. मीही ऐकलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती, सकाळपासून मी स्वतः पाणी प्यायले नव्हते हे तेव्हा ध्यानात आलं, आणि तरी उठवेना.

माझं लहानपण तळ्यावर गेलं, तोन्ले सापवर, तरंगत्या घरात. पावसाळ्यात मेकाँग फुगते आणि आमची नदी उलटी वाहायला लागते, समुद्राकडे जायची ती तळ्याकडे येते. तळं पसरत पसरत रानात शिरतं, झाडं गळ्यापर्यंत बुडतात, मासे फांद्यांत अंडी घालतात. पाऊस सरला की नदी पुन्हा फिरते आणि रानात गेलेलं सगळं पाणी माघारी निघतं. शहरातले लोक तेव्हा होड्यांच्या शर्यती लावतात, आतषबाजी करतात. पण त्याआधी थोडा वेळ असा असतो की पाणी कुठंच जात नाही. बाबांनी मला एकदा मुद्दाम नेलं होतं ते बघायला. नदीच्या मध्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, वल्हं वर घेतलं, आणि होडी तिथल्या तिथं उभी राहिली. एक नारळाची झावळी आमच्या शेजारी तरंगत होती, तीही हलत नव्हती. मी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "गप. पाणी विचार करतंय." मी इतकी घाबरले की त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. एवढी मोठी नदी, आणि तिला कुणी सांगत नव्हतं, वळ म्हणून. त्या दुपारी चारियाच्या खाटेपाशी मला तीच भीती पुन्हा वाटली, आणि खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. एका गरीब शिवणकरणीच्या अंगात, कातडीच्या आत, कुणाला न दिसता, एक अख्खं तळं माघारी फिरायचं की नाही ते ठरवत होतं. मी शिकलेली डॉक्टर तिथं नुसती वल्हं वर घेऊन बसले होते. मोठं होण्याचा मला कधी एवढा कमी अभिमान वाटला नाही आणि जिवंत असण्याचा एवढा जास्त कधी वाटला नाही.

पहिल्यांदा नळीत एक फिकी रेघ सरकली. थांबली. मग पुन्हा सरकली आणि थांबलीच नाही. पिशवीच्या तळाशी टपटप सुरू झालं, मग टपटपही उरलं नाही, संततधार लागली. मावशी ओणवी होऊन पिशवीजवळ डोळा लावून बसली होती. तिनं नळ सोडला, भांडं भरलं, मला दाखवलं, ओतून आली, पुन्हा भरलं. दर वेळी तिचं येणंजाणं थोडं जोरात होत गेलं. पाठीतली चुरचुर ओसरू लागली, मग उजव्या बाजूची गेली, मग डावीकडे फक्त तळाशी उरली. मानेच्या शिरा बसल्या. ट्रेमधलं इंजेक्शन तसंच राहिलं. चारियाचा श्वास, जो पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखा चालला होता, तो सपाटीला लागला. मी त्यात काही केलं नव्हतं. चकती फिरवली होती, बाकी सगळं तिचं तिनं केलं. पापण्यांची सूज उतरताना डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या परत आल्या, तेव्हा मावशीनं एक बोट तिथं ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

उन्हं कलल्यावर वान्नाक सर फेरीला आले. मागं शिकणारी पोरं, सहा-सात, सगळी नव्या पांढऱ्या कोटांतली. सर खाटेशी थांबले, रिकाम्या खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मी बोलायच्या आधी सारुन मावशी पुढं झाली. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. भिख्खूंच्या पात्रात भात वाढताना धरतात तसं तिनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं, मान खाली, आणि त्या सगळ्या पुरुषांच्या मधोमध उभी राहून ते तिनं सरांच्या पुढं उंच केलं. पोरं चुळबुळली, एकजण मागं सरला. सर हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, वाकले आणि भांड्यातलं ते फिकं, स्वच्छ पाणी उजेडात नीट बघितलं. मग त्यांनीही दोन्ही हात पुढं केले आणि ते भांडं तिच्याकडून घेतलं.

"अजून आहे, साहेब," मावशी म्हणाली. "हे आत्ताचं. याआधीचं यांनी मोजलंय."

खाटेवर हालचाल झाली. चारियानं डोळे उघडले होते. ती आधी छताकडे बघत राहिली, मग खाटेभोवती दाटीनं उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटांकडे, मग सरांच्या हातातल्या भांड्याकडे. ते काय आहे हे तिला कळलं, कारण तिच्या पिवळ्या पडलेल्या गालांवर, कितीतरी दिवसांत मी बघितलं नव्हतं असं, रक्त चढलं. ओठ सुकून चिकटले होते. ते सुटायला वेळ लागला.

"आई," ती पुटपुटली, "झाक ना ते. लोक बघतायत."

"बघू देत," सारुन मावशी म्हणाली.